चंद्राच्या उजेडातली धूळ

"हे चंद्राकडे का बघतंय?" वझलवार साहेबांनी विचारलं.

"सूर्य मावळलाय म्हणून," मी म्हणाले.

ते हसले. जिना चढून आल्यामुळे त्यांना थोडा दम लागला होता. पिदुरकर बाईंच्या गच्चीवर आम्ही दोघंच होतो. तिवईवर बसवलेली माझ्या यंत्राची काळी नळी अष्टमीच्या चंद्रावर रोखलेली होती आणि चंद्र जसा सरके तशी तीही हळूहळू, घरघरत सरकत होती. पलीकडे, गावाच्या उत्तरेला, त्यांच्या कारखान्याचं धुराडं उभं होतं. स्पंज आयर्नचा, म्हणजे कच्च्या लोखंडाचा, तो कारखाना मांगरूडच्या पाच-सहाशे घरांना रोजगार देत होता आणि साहेब त्याचे व्यवस्थापक होते.

"मला खरंच समजून घ्यायचंय, मॅडम," ते म्हणाले. "माझी मुलगी विज्ञान शिकते. घरी गेल्यावर तिला सांगीन."

मग मी सांगितलं. कोणत्या तिथीला, किती उंचीवर, चंद्र किती उजळ असायला हवा हे गणिताने काढता येतं. त्यातला किती उजेड आपल्यापर्यंत पोचला हे यंत्र मोजतं. मधल्या मधे जो हरवला, तो हवेतल्या कणांनी अडवला. धूळ, धूर, काजळी, जे काही असेल ते. दिवसा हेच काम सूर्यावर करतात, ते जगभर चालतं. रात्रीची हवा मात्र फारशी कुणी मोजत नाही, कारण चंद्राचा उजेड फार मंद, आणि अमावास्येच्या आगेमागे तर तोही नसतो.

"म्हणजे अर्धा महिना तुम्ही आंधळ्या," ते म्हणाले.

"अर्धा महिना दिसतं."

त्यांनी मान डोलावली. कठड्यावर बोट फिरवून बोटाला लागलेली काळी पूड पाहिली आणि रुमालाला पुसली. "आमच्या गेस्ट हाऊसवर याला जास्त चांगली जागा आहे. पहारेकरी असतो, वीज जात नाही. मंगळवारी आमच्या विस्ताराची जनसुनावणी आहे, गावात गर्दी होईल. कुणी धक्का लावला तर विद्यापीठाचं नुकसान. उद्या माणसं पाठवू का?"

"गेस्ट हाऊस धुराड्याच्या मागे आहे. वारा इकडे वाहतो."

"तेच म्हणतोय मी," ते शांतपणे म्हणाले. जिन्याच्या तोंडाशी ते थांबले. "पिदुरकर बाईंचा होमराज आमच्याकडेच आहे. चांगला मुलगा. त्याला त्रास व्हावा असं मला वाटत नाही."

ते उतरून गेले. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि नागपूरला संशोधन करत होते. कोळशाच्या पट्ट्यातल्या हवेत दिवसरात्र किती कण असतात, एवढाच माझा विषय. मांगरूड मी निवडलं ते नकाशावर बघून. गावात एकाच घराची गच्ची पुरेशी मोकळी होती, आणि घराच्या मालकीण, निवृत्त शिक्षिका मंदाकिनी पिदुरकर, यांनी पहिल्याच भेटीत किल्ली हातात ठेवली होती.

दिवसाचे आकडे सामान्य निघाले. इतर गावांसारखेच. पण रात्री नऊ वाजून गेले की चंद्र तांबूस होई आणि आकडा दिवसाच्या तिप्पट चढे. पहाटे पुन्हा उतरे. पहिल्यांदा मला वाटलं यंत्रच बिघडलं. भिंग पुसलं, जोडण्या तपासल्या. तेव्हा बाई म्हणाल्या, "यंत्र बरोबर आहे. रात्री ते बंद करतात, गावात शेंबड्या पोराला माहीत आहे. रात्री वाळत घातलेलं पातळ सकाळी झटकून बघ."

'ते' म्हणजे धुराड्याखालचं धूळ अडवणारं यंत्र. सगळे त्याला ईएसपी म्हणत. ते वीज भरपूर खातं. तपासणीवाले दिवसा येतात, आणि रात्री काळा धूर काळ्या आभाळात दिसत नाही.

वझलवार साहेब येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी हरकरे सरांचा फोन आला. सर म्हणजे माझे मार्गदर्शक.

"करुणा, उपकरण घेऊन परत ये."

"सर, पौर्णिमा अजून व्हायची आहे. सगळ्यात चांगल्या रात्री आत्ताच आहेत."

"मला वरून विचारणा झाली आहे. आपण हवा मोजतो, आंदोलनं करत नाही."

"मी मोजतेच आहे, सर."

"सुनावणीत विद्यापीठाचं नाव आलं तर मी तुझ्यामागे उभा राहू शकणार नाही. हे आधीच सांगून ठेवतो." त्यांचा आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

त्या संध्याकाळी होमराज गच्चीवर आला. कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये तो पाळीवर असे. अंगात निळा गणवेश तसाच होता. माझ्याशी तो एरवी कधी बोलत नसे.

"मॅडम, हे काढा जी," तो म्हणाला. "मले साहेबानं बोलावलं होतं. काही बोलले नाही, फक्त चहा पाजला. अन् विचारलं, आईची तब्येत कशी आहे म्हणून."

"होमराजभाऊ, तुम्हाला तर माहीत आहे..."

"मले सगळं माहीत आहे. म्हणूनच म्हणतो." तो माझ्याकडे बघत नव्हता. "तुम्ही जासान नागपूरले. आम्हाले इथंच राहायचं आहे न."

मी पेटीतून पाना काढला आणि तिवईचा पहिला बोल्ट सैल करायला लागले. तेवढ्यात बाई वर आल्या. प्रत्येक पायरीवर खोकत, कठड्याला धरून. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"पाना खाली ठेव, करुणा."

"आई, तू यात पडू नको," होमराज म्हणाला.

"गच्ची कुणाच्या नावावर आहे?"

"तुझ्याच. पण नोकरी माझी आहे न."

"हो, तुझी आहे," बाई म्हणाल्या. त्या कठड्यावर टेकल्या, श्वास बसेपर्यंत थांबल्या. "तू आईचं ऐकत नाहीस, असं सांग साहेबाला. मी तुझं ऐकत नाही, असंही सांग. भांडण झालं म्हण. लेकाच्या सांगण्यावरून मी माझ्या घरावरचं काही काढणार नाही. एवढी वर्षं या गावच्या पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं. आता म्हातारपणी कुणी विचारलं, बाई तुमच्या घरावरून काय दिसतं, तर मी काय सांगू, काही दिसत नाही?"

होमराज उतरून गेला. मी बोल्ट पुन्हा घट्ट आवळला.

मंगळवारी शाळेच्या मैदानावर मांडव उभा राहिला. पुढे टेबलामागे अपर जिल्हाधिकारी सोनटक्के बसले होते. एका बाजूला कारखान्याच्या बसमधून आणलेले कामगार, त्यांत होमराज, दुसऱ्या बाजूला गाव. कारखान्याच्या सल्लागाराने पडद्यावर तक्ते दाखवले. सगळं मर्यादेत होतं. मग कुणाला हरकत घ्यायची आहे का असं विचारलं, तेव्हा मी उठले.

"नाव?"

"करुणा ताजने. मी हवेतल्या कणांवर संशोधन करते."

"विद्यापीठातर्फे बोलताय?"

हरकरे सरांचं वाक्य मला शब्दन् शब्द आठवत होतं.

"नाही, सर. माझ्या नावाने बोलतेय."

मी आकडे सांगितले. दिवसाचे आणि रात्रीचे. रात्रीचे कशावर मोजले असं त्यांनी विचारलं. चंद्रावर, असं मी म्हणताच बसमधून आलेल्या लोकांत हशा पिकला. सल्लागारही हसला. "साहेब, चांदण्यात आतापर्यंत कविता होत होत्या," तो म्हणाला. गावकऱ्यांतले काही जणही हसले, आणि ते मला जास्त लागलं.

वझलवार साहेब मात्र हसले नाहीत. ते उठून अगदी सभ्यपणे बोलले. "मॅडमच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही. रात्री हवा खराब असेलही. पण ती आमच्यामुळे कशावरून? संध्याकाळी घरोघरी चुली पेटतात. कोळशाचे ट्रक रात्रीच धावतात. आणि थंडीत धूळ वर जात नाही, खाली बसते. ही सगळी रात्रीचीच कारणं आहेत."

"थंडीचं उत्तर मी देऊ शकते," मी म्हणाले. "धूळ खाली बसली तर जमिनीवरच्या यंत्राला ती जास्त दिसेल. माझं यंत्र जमिनीपासून वर, चंद्राच्या दिशेने असलेली सगळी हवा मोजतं. वरची धूळ खाली आली म्हणून बेरीज वाढत नाही."

"आणि चुली? ट्रक?"

ते मला वेगळं काढून दाखवता येत नव्हतं.

"यंत्र आहे कुठे?" सोनटक्क्यांनी विचारलं.

होमराज समोरच, चौथ्या की पाचव्या रांगेत बसला होता. त्याने मान खाली घातली. जागा वझलवारांना ठाऊक होती, पण सरकारी कागदावर ती माझ्या तोंडून जायला नको होती. "गावात आहे," एवढंच मी म्हणाले.

"गावात म्हणजे? जागा कळल्याशिवाय मी हे नोंदवू कसं?"

"माझ्या घरावर आहे." मागून आवाज आला. बाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. "मंदाकिनी पिदुरकर, निवृत्त शिक्षिका. लिहून घ्या. आणि साहेब, इथं बसून चंद्रावर हसण्यापेक्षा आज रात्री माझ्या गच्चीवर या. आज त्रयोदशी आहे. पोरगी तुमच्यासमोर मोजेल."

सोनटक्क्यांचा मुक्काम गावातल्या सरकारी विश्रामगृहातच होता. त्यांनी वझलवारांकडे पाहिलं.

"अवश्य," वझलवार म्हणाले. "मीही येतो."

ते इतक्या पटकन हो म्हणाले, तेव्हाच मला कळलं. घरी येताना बाईंनाही कळलेलं होतं.

"आज ते ईएसपी चालू ठेवतील," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग काय करशील?"

"मोजेन. जे येईल ते सांगेन."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, पण त्यांचाही चेहरा उतरला होता. होमराज दुपारच्या पाळीला गेलेला होता. आम्ही दोघी कशाबशा जेवलो.

नऊनंतर मंडळी आली. सोनटक्के, त्यांचा कारकून, वझलवार, तो सल्लागार. आळीतले पाच-सहा जण जिन्यात उभे राहिले. चंद्र पूर्वेकडून चांगला वर आला होता. मी नळी रोखायच्या आधी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. चंद्र पांढराशुभ्र होता. मांगरूडला येऊन महिने झाले होते, पण या वेळेला असा चंद्र मी एकदाही पाहिला नव्हता.

यंत्र घरघरलं. आकडा आला. मी तो मोठ्याने वाचला, कारकुनाने लिहिला.

"आणि दिवसाचा किती होता?" सोनटक्क्यांनी विचारलं.

"एवढाच," मी म्हणाले. "जवळजवळ एवढाच."

"काल रात्री?"

"याच्या तिप्पट."

वझलवारांनी हात मागे बांधले. "साहेब, नाजूक उपकरण आहे. कधी इकडे, कधी तिकडे होणारच. मॅडमचा दोष नाही." जिन्यातलं कुणीतरी पुटपुटत खाली उतरलं. सल्लागाराने घड्याळात पाहिलं. मी पुन्हा मोजलं. तोच आकडा.

खालून धूर आला. शेजारच्या अंगणात चुलीवर उशिराची भाकरी चालली होती, तिचा. सोनटक्के खोकले आणि त्यांनी मफलर नाकावर ओढला. मी त्या मफलरकडे बघत राहिले. मग कठड्याशी जाऊन खाली पाहिलं. आळीत जागोजाग चुली दिसत होत्या. पलीकडच्या रस्त्यावर ट्रकच्या दिव्यांची रांग होती.

"वझलवार साहेब," मी म्हणाले, "एक विचारू? आज गावात चुली पेटल्या का?"

"म्हणजे?"

"तुम्हीच सांगा ना. या इथून दिसतात."

"पेटल्यात," ते म्हणाले. "रोजच पेटतात."

"आणि ट्रक?"

"ट्रक चालूच आहेत. त्याचं काय?"

"थंडी कालच्यापेक्षा कमी आहे?"

यावर सोनटक्केच बोलले. "कमी कसली, हाडं गोठलीत." आणि बोलता बोलता ते थांबले. त्यांनी मफलर खाली केला.

"सर," मी त्यांना म्हणाले, "दुपारी मांडवात असं नोंदवलंय की रात्रीची धूळ चुलींची, ट्रकची आणि थंडीची. आज चुली आहेत, ट्रक आहेत, थंडी आहे. वारा कालच्याच दिशेचा आहे. फक्त धूळ नाही. मग कालच्या रात्री जे होतं आणि आज नाही, ते काय, एवढंच मला विचारायचंय."

जिन्यातून उतरलेली माणसं परत वर आली होती.

"कालचा आकडा तुमचा आहे, मॅडम," सल्लागार म्हणाला. "त्याला पुरावा काय?"

"तो रात्रीच्या रात्री विद्यापीठात आपोआप पोचतो. माझा हात त्याला लागत नाही. हरकरे सरांना विचारा."

सोनटक्क्यांनी तिथूनच फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. आपण कोण, कुठून बोलतोय ते सांगितलं. सर घरीच होते. कालचे आकडे त्यांनी उघडून पाहावेत, अशी विनंती केली. सर काय म्हणतील याची मला खरंच खात्री नव्हती.

"काल रात्री तिप्पट होते," सर म्हणाले. "परवाही. त्याआधीही. उपकरण ठीक आहे. मीच ते तपासून पाठवलं होतं." आणि त्यांनी फोन ठेवला.

सोनटक्के वझलवारांकडे वळले. "आज तुम्ही काय वेगळं केलंत?"

"आमची सगळी यंत्रणा नियमाप्रमाणे चालू आहे, साहेब."

"ते दिसतंय. आज चालू आहे. मी कालचं विचारतोय."

वझलवारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बाई कठड्याला टेकून उभ्या होत्या. त्या कारकुनाला म्हणाल्या, "बाळा, साहेब गप्प राहिले, तेही लिही."

त्याने सोनटक्क्यांकडे पाहिलं. सोनटक्क्यांनी मान हलवली. त्याने लिहिलं.

पुढे सगळं छान झालं असं नाही. विस्ताराची परवानगी थांबली, ती वर्षभरच. नंतर ती मिळाली. पण मिळताना धुराड्यावर रात्रंदिवस मोजणारं यंत्र बसवायची आणि त्याचे आकडे चावडीपुढच्या फलकावर लावायची अट आली. वझलवार साहेबांची बदली झाली. हरकरे सरांनी मला बोलावून सांगितलं, "मी आकड्यांबद्दल खरं बोललो, ते माझं काम होतं. पण तू आता दुसरा मार्गदर्शक शोध." मी शोधला. पदवी उशिरा मिळाली, मिळाली मात्र. होमराजला पावसाळ्याआधी कामावरून कमी केलं. त्या गोष्टीचं ओझं मी बरीच वर्षं वाहिलं. मांगरूडला गेले की बाई भेटत, तो भेटत नसे. तो वणीकडे एका सिमेंट कारखान्यात लागला होता.

तो भेटला बाईंच्या तेराव्याला. मांडवाबाहेर खुर्च्या टाकल्या होत्या, तिथे येऊन शेजारी बसला. केस पिकले होते.

"होमराजभाऊ, तुमची नोकरी माझ्यामुळे गेली," मी म्हणाले. "हे तुम्हाला कधी सांगायचं जमलं नाही."

"तुमच्यामुळे काहून?" तो म्हणाला. "तुम्हाले आईनं सांगितलं नाही का?"

"काय?"

"त्या दिवशी मांडवातून साहेब सरळ कंट्रोल रूममध्ये आले. माझी पाळी होती. म्हणाले, आज ईएसपी रात्रभर चालू ठेव. मी बरं म्हटलं. मले तेव्हाच समजलं होतं, मॅडम. आज चालू ठेवलं तर हे फसले. बंद ठेवलं असतं तर चुली, ट्रक, थंडी, कशावर बी ढकलता आलं असतं."

मी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"जाता जाता साहेबानं मलेच विचारलं," तो म्हणाला. "होमराज, तू इथलाच आहेस, तुले काय वाटते, आज तुझ्या आईच्या गच्चीवरून काय दिसंल?"

"मग?"

"मी म्हटलं, साहेब, काहीच दिसत नाही. बेफिकीर जा."